फाटलेला पत्ता

रंगमंचावरील जादू आणि जवळून दाखवायची जादू यांत मोठे अंतर आहे. रंगमंचावर पडदे असतात, झगझगीत दिवे असतात, मोठमोठे पेटारे असतात आणि प्रेक्षकही दूर बसलेले असतात. जवळून दाखवायच्या खेळात यांपैकी काहीही नसते. मध्ये एक लहानसे मेज, त्यावर पत्त्यांचा एक जोड, एका बाजूस जादूगार आणि दुसऱ्या बाजूस प्रेक्षक. प्रेक्षकाने हात पुढे केला, तर तो जादूगाराच्या हातास लागावा, इतक्या जवळून हा खेळ चालतो. म्हणूनच हस्तलाघवाची खरी परीक्षा येथे होते.

अशा खेळांपैकी ‘फाटलेला पत्ता’ हा एक प्रसिद्ध खेळ होय. जादूगार प्रेक्षकास जोड काटावयास सांगतो. प्रेक्षक जोड काटतो आणि त्याच्या वाट्याला बदामाची सत्ती येते. जादूगार सर्वांच्या देखत त्या पत्त्याचा एक कोपरा फाडून प्रेक्षकाच्या तळहातावर ठेवतो व म्हणतो, “मूठ घट्ट मिटा. मी सांगेपर्यंत उघडू नका.” मग उरलेल्या पत्त्याचे तो तुकडे तुकडे करतो आणि ते एका रिकाम्या पाकिटात टाकतो. क्षणभराने तो पाकिटात बोटे घालतो व पत्ता बाहेर काढतो. पत्ता अखंड असतो! उणीव असते ती केवळ एका कोपऱ्याची. प्रेक्षक मूठ उघडतो, कोपरा पत्त्याशी जुळवून पाहतो. फाटलेली कड कडेशी तंतोतंत बसते.

पाहणारे थक्क होतात, आणि त्याला कारणही तसेच आहे. दोन कागद फाडले, तर त्यांच्या कडा कधीही एकसारख्या फाटत नाहीत. कोपरा जर त्या पत्त्यास नेमका बसतो, तर तो त्याच पत्त्याचा असला पाहिजे, हे अनुमान अगदी बरोबर आहे. शिवाय कोपरा सर्व वेळ प्रेक्षकाच्याच मुठीत होता. मग तुकडे झालेला पत्ता पुन्हा सांधला गेला कसा?

खरी गोष्ट अशी की, पत्ता सांधलेलाच नसतो. बदामाच्या सत्त्या दोन असतात. जादूगार एकसारख्या पाठीचे दोन जोड घेतो आणि दुसऱ्या जोडातील सत्तीचा कोपरा घरीच फाडून ठेवतो. कोपरा कात्रीने कापून चालत नाही, कारण कापलेल्या सरळ कडेची ओळख पटत नाही. तो कोपरा तो आपल्या बोटांच्या मुळाशी लपवतो. कोपरा नसलेली सत्ती पाकिटात असते. त्या पाकिटात त्याच मापाचा एक कागद आडपडद्यासारखा बसवून दोन कप्पे केलेले असतात. पडदा एका बाजूस दाबून धरला, की सत्ती झाकली जाते व पाकीट रिकामे दिसते. तुकडे मोकळ्या कप्प्यात पडल्यावर पडदा दुसऱ्या बाजूस दाबला, की तुकडे झाकले जातात आणि सत्ती हाती येते.

प्रेक्षकाच्या वाट्याला नेमकी सत्तीच कशी येते? ती आरंभी जोडाच्या सर्वांत वर असते. प्रेक्षक वरचा भाग उचलून मेजावर ठेवतो. जादूगार उरलेला खालचा भाग खुणेसाठी म्हणून त्यावर आडवा ठेवतो आणि मग पाकीट दाखविण्यात काही क्षण घालवतो. तेवढ्यात कोणता भाग वरचा व कोणता खालचा, हे प्रेक्षक विसरतो. जादूगार आडवा भाग उचलून त्याखालचा पत्ता देतो. आपण मधूनच पत्ता काढला, असे प्रेक्षकास वाटते. वस्तुतः तो मूळचाच पहिला पत्ता असतो.

आता राहिला कोपरा. खेळाचा सारा भार या एका क्षणावर आहे. जादूगार समोरच्या पत्त्याचा कोपरा फाडतो खरा, परंतु प्रेक्षकाच्या तळहातावर ठेवतो तो लपविलेला कोपरा. त्या क्षणी तो आपल्या हाताकडे पाहत नाही. तो प्रेक्षकाच्या चेहऱ्याकडे पाहून काहीतरी विचारतो, आणि ज्याला प्रश्न विचारला जातो तो साहजिकच विचारणाऱ्याकडे पाहतो. नुकताच फाडलेला कोपरा पुढे तुकड्यांबरोबर पाकिटात जातो. ही अदलाबदल सहज व्हावी म्हणून आरशासमोर बसून अनेक दिवस सराव करावा लागतो. हात अडखळला, किंवा डोळे चोरून खाली वळले, की खेळ फसलाच. एकाच बैठकीत हा खेळ दुसऱ्यांदा दाखवीत नाहीत, कारण दुसऱ्या वेळी कोठे पाहावयाचे हे प्रेक्षकास कळलेले असते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. मुठीतील पुरावा खोटा नसतो. कोपरा खरोखरच त्या पत्त्याचा असतो आणि मूठही कोणी उघडलेली नसते. परंतु मूठ मिटण्यापूर्वीच फसवणूक होऊन गेलेली असते. प्रेक्षक डोळ्यांत तेल घालून पाहू लागतो, तेव्हा पाहण्यासारखे काही उरलेलेच नसते. “शेवटी काय दिसले?” यापेक्षा “आरंभी काय झाले?” हा प्रश्न अधिक मोलाचा असतो तो यासाठीच.

हा प्रश्न एके काळी माणसांच्या जीवन-मरणाचा होता. सोळाव्या शतकात इंग्लंडमध्ये चेटूक हा कायद्याने गुन्हा होता. कोणाचे मूल आजारी पडले, कोणाची गाय दगावली, की एखाद्या गरीब, वृद्ध स्त्रीवर आळ येई. १५८२ मध्ये एसेक्स परगण्यात अशा आरोपावरून स्त्रियांना फाशी देण्यात आली. केंट परगण्यात राहणारा रेजिनाल्ड स्कॉट हा गृहस्थ या प्रकारांनी अस्वस्थ झाला. चमत्कार म्हणून जे सांगितले जाते, त्यातील किती भाग केवळ हातचलाखीचा आहे, हे त्याने लोकांस दाखवून देण्याचे ठरविले. लंडनमधील एका फ्रेंच हस्तलाघवी माणसाकडून त्याने काही युक्त्या समजून घेतल्या, आणि १५८४ मध्ये चेटकाच्या समजुतीचा फोलपणा दाखविणारा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात पत्त्यांच्या युक्त्या आहेत. तोडलेली नाडी सांधण्याची आणि जळालेला दोरा पुन्हा अखंड करून दाखविण्याची रीतही आहे. फाटलेला पत्ता हे त्याच घराण्यातील पुढचे अपत्य होय.

ही गुपिते उघड केल्याने गरीब खेळकऱ्यांच्या पोटावर पाय येईल, याचे स्कॉटला वाईट वाटले आणि ते त्याने ग्रंथात लिहूनही ठेवले. जो खेळकरी आपली कला ही केवळ कला आहे असे कबूल करतो, त्याला त्याने दोष दिला नाही. मात्र त्याच्या विचारांना विरोधही झाला. स्कॉटलंडच्या सहाव्या जेम्स राजाने १५९७ मध्ये स्वतः ग्रंथ लिहून त्याचे मत खोडून काढण्याचा प्रयत्न केला. १५९९ मध्ये स्कॉट मरण पावला. चेटकाबद्दल प्राणदंड देणारा कायदा इंग्लंडमध्ये रद्द होण्यास पुढे १७३६ साल उजाडावे लागले.

महाराष्ट्रातही चमत्काराचा देखावा करून लोकांना फसविणे व लुबाडणे हा गुन्हा ठरविणारा कायदा २०१३ मध्ये झाला. जादूगार आणि भोंदू यांच्या हातांत साधने पुष्कळदा एकच असतात. जादूगार आपण फसविणार हे आधी सांगतो आणि आनंद देऊन निरोप घेतो. भोंदू मात्र त्याच चलाखीला दैवी शक्ती म्हणतो आणि भोळ्या माणसाचे द्रव्य व विश्वास दोन्ही हिरावून नेतो. फाटलेल्या पत्त्याचा खेळ ज्याने एकदा स्वतः बसविला, त्याला हा भेद निराळा शिकवावा लागत नाही.

शब्दार्थ

हस्तलाघव – हातांची चपळाई. काटणे – पत्त्यांच्या जोडाचे दोन भाग करणे. अनुमान – तर्काने काढलेला निष्कर्ष. आळ – खोटा आरोप. भोंदू – ढोंग करून फसविणारा. डोळ्यांत तेल घालून पाहणे – अत्यंत दक्षतेने पाहणे. पोटावर पाय येणे – उपजीविकेचे साधन जाणे.

स्वाध्याय

१. दुसऱ्या सत्तीचा कोपरा कात्रीने का कापीत नाहीत?
२. “मुठीतील पुरावा खोटा नसतो,” तरीही प्रेक्षक फसतो. हे कसे, ते सात-आठ ओळींत लिहा.
३. गुपिते उघड करताना स्कॉटला कशाचे वाईट वाटले? तरीही त्याने ती का उघड केली?
४. जादूगार व भोंदू यांच्यातील फरक स्वतःच्या शब्दांत सांगा.
५. वाक्यात उपयोग करा : थक्क होणे, ध्यानात घेणे, हिरावून नेणे.