सीआरपी : एका आकड्याला किती घाबरायचं?

वर्कशॉपमध्ये एकच शाफ्ट पाच वेळा मोजला तर व्हर्नियरवर पाच वेगळी रीडिंग्ज येतात, हे आपण सगळ्यांनी फर्स्ट इयरला पाहिलंय. तिथे शाफ्ट तोच असतो, चूक मोजण्यात असते. रक्ताचं तसं नाही. तिथे मोजायची गोष्टच रोज थोडी बदलते.

सीआरपी म्हणजे सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन. टिलेट आणि फ्रान्सिस यांनी न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये १९३० साली ते न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात शोधलं. शरीरात कुठे संसर्ग किंवा सूज आली की आयएल-६ नावाचा निरोप्या लिव्हरकडे जातो आणि लिव्हर सीआरपी बनवायला लागतं. बनणं थांबलं की साधारण १९ तासांत ते निम्मं होतं. त्यामुळे सर्दी, दुखरी हिरडी, जिममधला जास्तीचा व्यायाम, एवढ्यानेही ठणठणीत माणसाचा आकडा वर जातो. वजन आणि सिगारेट हीसुद्धा कारणं आहेतच.

डोंबिवलीच्या माझ्या मावशीचा सीआरपी आधी १.६ आला, सहा आठवड्यांनी ३.१. "दुप्पट झालं गं!" म्हणून तिची झोप उडाली. आता आपलं गणित लावूया. निरोगी माणसाचा सीआरपी स्वतःच्याच सरासरीभोवती सुमारे ४० टक्के हलतो असं धरू. दोन रीडिंग्जमधला फरक खरा मानायचा तर तो १.९६ × √२ × ४०, म्हणजे अंदाजे १११ टक्क्यांपेक्षा मोठा हवा. मावशीची वाढ ९४ टक्के. म्हणजे हा नुसता नॉईजही असू शकतो! डोंबिवलीकर लोकल दोन मिनिटं लेट झाली म्हणून टाइमटेबल बदललं असं मानत नाहीत, तसंच हे.

म्हणूनच २००३ साली अमेरिकन हार्ट असोसिएशन आणि सीडीसी यांनी सांगितलं की हृदयाच्या जोखमीसाठी दोन आठवड्यांच्या अंतराने दोन टेस्ट करून सरासरी घ्या. लिटरला १ मिलिग्रॅमखाली कमी जोखीम, १ ते ३ मध्यम, ३ च्या वर जास्त. १० च्या वर गेला तर आधी संसर्ग शोधा, नंतर पुन्हा मोजा. मावशीची सरासरी २.३५, म्हणजे मध्यम.

मग ही टेस्ट फुकट का? मुळीच नाही. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी खेड्यातले, झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गातले पुरुष तपासले. २००८ साली आलेल्या त्या अभ्यासात शहरी पुरुषांत चरबी जास्त आणि सीआरपीही जास्त दिसला. शेकडो माणसांच्या सरासरीत नॉईज विरतो आणि सिग्नल उरतो. एकट्या माणसाच्या एका रिपोर्टला ती सोय नाही.

तेव्हा मित्रांनो, ताप असताना 'फुल बॉडी चेकअप' करू नका, जुने रिपोर्ट्स फाइलमध्ये जपा आणि डॉक्टरांना दोन्ही आकडे दाखवा. एका पॉइंटवरून ग्राफ काढला तर आपले सर शून्य मार्क देतात, मग स्वतःच्या तब्येतीचा ग्राफ तरी एका पॉइंटवरून कशाला काढायचा?