सावकाश धावा, वर्षानुवर्षं धावा

जॉगिंग म्हणजे जमेल तसं केलेलं अर्धंमुर्धं धावणं, असं अनेकांना वाटतं. मी पुण्याच्या तळजाई टेकडीवर बरीच वर्षं सावकाश धावते आहे. त्यावरून ठामपणे सांगते, की आपल्यापैकी बहुतेकांनी बहुतेक दिवस याच वेगानं धावायला हवं.

1. बोलता येईल इतकाच वेग ठेवा. चढावर मी मैत्रिणीला विचारते, "काल रात्री जेवायला काय केलंस?" "मुगाची खिचडी, कढी आणि भाजलेला पापड" हे तिला एका दमात सांगता आलं, तर वेग बरोबर. "खिचडी…" वरच वाक्य तुटलं, की आम्ही दोघी लगेच वेग उतरवतो. यासाठी महागडं घड्याळ लागत नाही.

2. सावकाश धावणं वेगाच्या आड येत नाही. न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड आपल्या धावपटूंकडून दमछाक न होता लांब लांब अंतरं धावून घेत. त्यांचा शिष्य पीटर स्नेल हा 800 मीटरचा धावपटू, पण ऑकलंडजवळच्या डोंगरातली सुमारे 35 किलोमीटरची फेरी त्याच्या सरावात असे. 1960च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्यानं 800 मीटरचं आणि 1964 साली टोकियोत 800 व 1500 मीटरचं सुवर्णपदक जिंकलं.

3. वयाची सबब सांगू नका. लिडियार्डांच्या प्रेरणेनं 1962 साली ऑकलंडमध्ये सामान्य माणसांचा जॉगिंग क्लब सुरू झाला. तिथे पाहुणे म्हणून गेलेले अमेरिकन प्रशिक्षक बिल बॉवरमन तेव्हा पन्नाशीत होते. क्लबमधल्या लोकांसोबत धावताना ते मागे पडले. सत्तरी ओलांडलेले, हृदयविकारातून उठलेले एक गृहस्थ त्यांना सोबत म्हणून मागे थांबले. बॉवरमननी मायदेशी परतून ओरेगनमध्ये जॉगिंगचे वर्ग सुरू केले आणि हृदयरोगतज्ज्ञ वाल्डो हॅरिस यांच्यासह त्यावर पुस्तक लिहिलं. अमेरिकेत जॉगिंग घराघरात पोचलं, त्याची सुरुवात इथून झाली.

4. अंतर हळूहळूच वाढवा. काही आठवड्यांत दम वाढतो आणि हुरूप येतो. पण हाडं आणि स्नायुबंध तयार व्हायला कितीतरी जास्त वेळ घेतात. नव्यानं धावणाऱ्यांची नडगी किंवा टाच दुखू लागते, त्याचं एक मोठं कारण हे. दम आहे म्हणून अंतर दुप्पट करू नका.

5. पावलं छोटी टाका. हळू धावायचं म्हणजे पाय ओढत चालायचं नाही. पाऊल फार पुढे न टाकता शरीराच्या खालीच पडू द्या. खांदे सैल, मुठी सैल. गुडघ्यांवरचा भार कमी होतो, हे आठवड्याभरात जाणवेल.

6. ऋतू बघून वेग ठरवा. उन्हाळ्यात अंग थंड ठेवण्यासाठी रक्त त्वचेकडे जास्त वळतं. त्यामुळे त्याच वेगाला हृदयाचे ठोके वाढतात. एप्रिल-मे महिन्यांत जानेवारीचा पेस धरून बसू नका. पावसाळ्यात शेवाळलेल्या दगडांवर सरळ चालायला लागा.

7. मध्ये चालण्यात कमीपणा नाही. 1972च्या ऑलिंपिकमध्ये 10,000 मीटर धावलेले जेफ गॅलोवे पुढे आयुष्यभर लोकांना 'थोडं धावा, थोडं चाला' हेच शिकवत राहिले. सुरुवात करणाऱ्यांनी एक मिनिट धावावं, दोन मिनिटं चालावं आणि दम लागायच्या आधीच चालायला लागावं.

8. धावणं म्हणजे हृदयाची हमी नव्हे. जिम फिक्स यांच्या 1977 सालच्या पुस्तकानं असंख्य लोकांना धावायला लावलं. 1984 साली, वयाच्या 52व्या वर्षी धावतानाच हृदयविकारानं त्यांचं निधन झालं. त्यांचे वडीलही हृदयविकारानं लवकर गेले होते. घरात असा इतिहास असेल, रक्तदाब किंवा मधुमेह असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा. छातीत दुखलं, चक्कर आली, तर तिथेच थांबा.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. अर्ध्या तासाची सावकाश धाव आठवड्यातून पाच दिवस केलीत, तरी ते सहज पूर्ण होतं. तेव्हा चांगले बूट घाला, बोलायला कुणी सोबत घ्या आणि उद्या सकाळी बाहेर पडा. कुणी पुढे गेलं तर जाऊ द्या, तुम्ही तुमचा वेग सोडू नका.