व्यवसाय-मार्गदर्शनाचा पाया : प्राथमिक वर्ग

व्यवसाय-मार्गदर्शन म्हणजे माध्यमिक शाळेच्या अखेरीस द्यावयाचा सल्ला, असा समज पुष्कळदा आढळतो. कोठारी आयोगाचे मत निराळे होते. १९६६ च्या अहवालात त्याने मार्गदर्शनाचा आरंभ प्राथमिक शाळेच्या सर्वांत खालच्या वर्गापासून व्हावा, असे सुचविले. माध्यमिक शाळांसाठी सरासरी दहा शाळांमागे एक फिरता समुपदेशक त्याने कल्पिला होता. प्राथमिक वर्गात हे कार्य शिक्षकाकडेच येते.

नंदुरबार जिल्ह्यात या कार्यास तीन गोष्टी वळण देतात. पहिली, स्थलांतर. दिवाळीच्या सुमारास अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात. त्यांच्यासमवेत गेलेल्या मुलाचा व्यवसाय समुपदेशक भेटण्यापूर्वीच ठरून जातो. दुसरी, भाषा. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्यातील सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. घरी भिली, पावरी वा मावची बोलणारे मूल पुस्तकी मराठीतील प्रश्नापुढे गप्प राहिले, तर ते त्याच्या बुद्धीचे माप नव्हे. तिसरी, अनुभव. जो व्यवसाय कधी पाहिला नाही, त्याची आकांक्षा मुलाच्या मनात सहसा उपजत नाही.

म्हणून शिक्षकाने मुलाशी त्याच्या बोलीत संवाद साधावा. बांबूकाम, वनस्पतींची ओळख यांसारखी त्याची कौशल्ये नोंदवावीत. आरोग्यसेविका, टपालवाहक, एस. टी. वाहक यांना वर्गात बोलवावे. मुलास आजी-आजोबांपाशी ठेवण्याविषयी पालकांशी दिवाळीपूर्वीच बोलावे. मूल वर्गात टिकले, तरच पुढील सल्ल्यास अर्थ उरतो.