आखणीचा हात

गणपतीच्या मूर्तीला अंगाचा रंग शिकलं की कुणालाही देता येतो. पितांबर, शेला, मुकुटाची सोनेरी किनार हेही सवयीने जमतं. डोळ्यांची आखणी मात्र सगळ्यांच्या हातची नाही. पापणीची रेघ एका दमात उतरावी लागते. मध्ये थांबलात तर जाड होते, घाईत ओढलीत तर देव रागावल्यासारखा दिसतो. पेणच्या कारखान्यांत आखणी करणाऱ्याला म्हणूनच वेगळा मान असतो. त्याच्या जागेजवळ कुणी मोठ्याने बोलत नाही.

मी तीस वर्षं आखणी करतो आहे. २०२० च्या जुलैत माझा हात कापायला लागला. आधी मी ब्रशाला दोष दिला. मग रंग घट्ट झालाय म्हणालो, मग उजेड कमी आहे म्हणालो. तीन ब्रश बदलले. बिघडलेल्या मूर्ती पुसून परत आखल्या. दोष माझ्या आत असू शकेल, हे काही केल्या सुचलं नाही. आज ते सांगायला बसलो आहे, कारण हीच चूक करणारी माणसं मला अजून आजूबाजूला दिसतात.

आमचं गाव धरमतरच्या खाडीकाठी. वडखळ नाक्यावरून अलिबागकडे निघालात की अंबा नदीवरचा धरमतरचा पूल लागतो. पुलाखालून मालाचे बार्ज जातात, दोन्ही अंगांना खारभाताची जमीन. मला थोडी खारजमीन आहे आणि घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये गणपतीचा लहानसा कारखाना. पावसाळ्यात भात आणि वर्षभर गणपती, असं आमचं चालतं.

ते वर्ष आठवा. २५ मार्चला गुढीपाडवा होता आणि त्याच दिवशी देश बंद झाला. शेडमध्ये कच्च्या मूर्तींची चळत लागलेली, पण रंगवायला माणसं येईनात, मुंबईचे व्यापारी फोन उचलीनात. मे महिन्यात प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींवर बंदीची सूचना निघाली आणि दहा दिवसांत ती वर्षभरासाठी पुढेही ढकलली गेली. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ अलिबाग-श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर आलं. आमच्या शेडचे निम्मे पत्रे शेजारच्या शेतात सापडले. मूर्ती भिजल्या. वीज किती तरी दिवस नव्हती. वटपौर्णिमा दोनच दिवसांवर, म्हणजे उधाण तोंडावर. खाडीचं पाणी अडवणाऱ्या बंदिस्तीला एक खांड, म्हणजे भगदाड, पडली आणि खारं पाणी शेतात शिरलं. जुलैत सरकारने जाहीर केलं, सार्वजनिक गणपती चार फुटांचा, घरचा दोन फुटांचा. माझ्याकडे त्याहून मोठ्या मूर्ती उभ्या होत्या. पतपेढीचं कर्ज होतं, कामगारांनी घेतलेली उचल होती.

यातलं एकेक संकट आमच्या भागातल्या प्रत्येकावर आलं होतं. मला एकट्यालाच काही झालं नव्हतं. हेच वाक्य मी स्वतःला ऐकवत राहिलो आणि तीच माझी पहिली चूक. ‘सगळ्यांचंच असं झालंय, मग तुझं काय रडगाणं?’ असं म्हणून मी तोंड मिटलं. बायको विचारायची, ‘अहो, जेवला नाहीत नीट?’ मी म्हणायचो, ‘भूक नाही.’ पहाटे तीनला डोळा उघडायचा, तो परत लागायचाच नाही. घरात जिताड्याचं कालवण झालं तरी चव कळेना. मुलगा हसला तरी चीड यायची. व्यापाऱ्याचा फोन आला की छाती धडधडायची, म्हणून फोन घ्यायचं टाळू लागलो. अशाने जी दोन गिऱ्हाइकं टिकली असती तीही गेली.

दुसरी चूक मोबाइलची. झोप येत नाही म्हणून रात्रभर बातम्या बघायचो. आकडे किती वाढले, बंदी येणार की नाही, पुढचं वादळ कुठे आहे. वाटायचं, माहिती ठेवली तर सावध राहीन. सावध कसला, सकाळी उठताना आधीच हरलेला असायचो.

तिसरी चूक जास्त वाईट. झोपेच्या गोळ्या मी कुणाच्या तरी जुन्या चिठ्ठीवर मिळवल्या आणि मनाला येईल तशा घेतल्या. मधूनमधून संध्याकाळची दारूही सुरू झाली. दारूने झोप येते असं वाटतं. खरं म्हणजे ती मध्यरात्री झोप मोडते आणि दुसऱ्या दिवशी मन आणखी खाली नेते. झोपेच्या गोळीबरोबर तर ती जिवावर बेतू शकते. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, कारण मी कुणाला विचारलंच नव्हतं.

चौथी चूक घरच्यांच्या मायेतून झाली. बाहेरचं काही लागलंय म्हणून एका भगताकडे नेलं. त्याने नारळ ओवाळला, दोरा बांधला. देवावर माझा विश्वास आहे, देव घडवूनच माझं पोट चालतं. पण त्या दोऱ्याच्या भरवशावर आम्ही आणखी चार महिने घालवले, हे खरं.

कसेबसे गणपती गेले, दिवाळी गेली. एका दुपारी मी शेडमध्ये रिकामा ब्रश हातात धरून बसलो होतो. आई दारात येऊन उभी राहिली. बराच वेळ बघत होती म्हणे. म्हणाली, ‘बाला, हात कापतंय तुजा. राती निजतस का नाय?’ सहा महिन्यांत मला इतका सरळ प्रश्न कुणी विचारला नव्हता. ‘नाय गं आई’ एवढंच म्हणालो आणि पन्नाशीचा माणूस तिच्यापुढे रडलो.

त्या दिवसानंतर मला जे उमगलं ते आमच्या बंदिस्तीनेच आधी शिकवायला हवं होतं. खारबंदिस्ती मोठ्या लाटेने एकदम फुटत नाही. आधी खेकडा बीळ करतो. त्यातून पाणी झिरपतं, चिखल ओला दिसतो, मग माती बसते. जाणता माणूस भांगाच्या दिवसांत, म्हणजे पाण्याला जोर नसताना, बांधावरून फिरून बिळं बुजवतो. उधाण चढल्यावर बीळ बुजवता येत नाही, मग खांडच बांधावी लागते आणि खांड एकट्याने बांधता येत नाही. आत शिरलेलं खारं पाणी ओसरलं तरी त्या जमिनीला पुन्हा पीक धरायला काही हंगाम जावे लागतात. झोप मोडली ते माझं खेकड्याचं बीळ होतं. मी खांड पडेपर्यंत थांबलो.

२०२१ च्या सुरुवातीला अलिबागला सरकारी जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागात गेलो. बाकावर बसताना ओळखीचं कुणी दिसू नये म्हणून तोंडावरचा मास्क आणखी वर ओढला. डॉक्टरांनी झोप, भूक, कामात लक्ष, दारू सगळं विचारलं. मग शांतपणे विचारलं, ‘जगू नये असं वाटतं का?’ मी दचकलो. पण खरं सांगायचं तर हलकं वाटलं. तो विचार माझ्या मनात येऊन गेला होता आणि तो घेऊन मी महिनोन्‌महिने एकटा फिरत होतो. ‘हो’ म्हणालो. त्यांनी बायकोला आत बोलावलं आणि दोघांना समजावलं की हे नैराश्य आहे, हा आजार आहे, याला उपचार आहे.

गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, हे त्यांनी सांगितलं होतं. मला दुसऱ्याच आठवड्यात वाटलं, काही फरक नाही. सहाव्या आठवड्यात बरं वाटायला लागलं, तर मी परस्पर गोळ्या बंद केल्या. पुन्हा पहाटे तीनला जाग. पुन्हा गेलो, बोलणी खाल्ली नाहीत, पण डॉक्टर म्हणाले, ‘बरं वाटलं म्हणून थांबवायचं नाही, मी सांगेन तेव्हा हळूहळू कमी करायचं.’ ही पाचवी चूकही नोंदवून ठेवतो.

समुपदेशकाने मला एक वही करायला सांगितली. डाव्या पानावर जे माझ्या हातात नाही ते, उजव्या पानावर जे आहे ते. डावं पान भराभर भरलं: मूर्तीची उंची, पीओपीचा निर्णय, वादळ, व्यापाऱ्याचा मूड. उजव्या पानाला वेळ लागला: ओल्या मूर्ती उन्हात काढणं, पतपेढीच्या साहेबांना स्वतः भेटून हप्त्याची मुदत मागणं, शाडूच्या लहान मूर्ती करून बघणं, कामगारांना खरं सांगणं. पतपेढीने मुदत दिली. भीती मात्र मी सहा महिने उगाच पोसली होती. आणि डाव्या पानाचं काय? पीओपी बंदीचा प्रश्न २०२० मध्ये सुरू झाला, तो २०२५ पर्यंत न्यायालयात लोंबकळत राहिला. निकाल लागेपर्यंत न झोपण्याचं मी ठरवलं असतं तर पाच वर्षं जागाच राहिलो असतो.

आमच्या खाडीपट्ट्याला अनिश्चितता नवी नाही. पोयनाडजवळ चरी गाव आहे. तिथे १९३३ च्या ऑक्टोबरमध्ये नारायण नागू पाटील यांच्या पुढाकाराने कुळांनी खोतांविरुद्ध संप पुकारला. जमिनी ओस ठेवल्या, उपास सोसले, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू उचलून धरली आणि संप सुटायला १९३९ उजाडलं. सहा वर्षं! २१ सप्टेंबर २००८ ला आमच्या पेण तालुक्यातल्या बावीस गावांत महामुंबई सेझवर (विशेष आर्थिक क्षेत्रावर) जनमत घेतलं गेलं, तेव्हा जमीन राहते की जाते या धास्तीत घरं होती. ही माणसं खंबीर होती, असं आपण भाषणात म्हणतो. ती घाबरली नव्हती असं नाही. पण त्यांची भीती सभेत, ओटीवर, बांधावर बोलली जायची. ती एकट्याच्या उशाशी बसत नव्हती. माझ्या वेळी सभा बंद, ओट्या रिकाम्या आणि मी स्वतःहून दार लावून घेतलेलं.

आता जे शिकलो ते तुमच्यापुढे ठेवतो.

सलग दोन आठवडे मन उदास असेल, आवडीच्या गोष्टीत रस उरला नसेल, झोप-भूक बिघडली असेल, कामात हात चालत नसेल, तर ‘वेळ वाईट आहे’ म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरांना दाखवा. वेळ वाईट असली तरी आजार आजारच असतो.

उठायची वेळ सांभाळा. झोप कितीही वाजता लागो, मी सहाला उठतो आणि बांधावर एक फेरी मारतो. बातम्या दिवसातून एकदा, संध्याकाळच्या जेवणाआधी. रात्री मोबाइल शेडमध्ये चार्जिंगला, घरात नाही.

कर्जाचे आकडे कागदावर मांडा आणि घरातल्या एका माणसाला तरी दाखवा. डोक्यातलं कर्ज कागदावरच्या कर्जापेक्षा नेहमी मोठं असतं.

दुसऱ्याची झोपेची गोळी घेऊ नका. डॉक्टरांनी दिलेली गोळी आपल्या मनाने थांबवू नका. दारूला औषध समजू नका.

घरच्यांनो, ‘मन घट्ट कर’ हे वाक्य टाका. त्याऐवजी माझ्या आईसारखं विचारा: झोपतोस का? जेवतोस का? जीव नकोसा वाटतो का, हेही सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात घुसत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ असेल तर त्या माणसाला एकटं सोडू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

अलिबागपर्यंत जाणं होत नसेल तर फोन आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची टेलि-मानस सेवा सुरू आहे. क्रमांक १४४१६, पैसे लागत नाहीत, रात्री तीनलाही कुणी तरी उचलतं आणि मराठीत बोलता येतं. माझ्या त्या रात्रींत हा क्रमांक नव्हता. तुमच्याकडे आहे. सरकारी सेवेत मानसिक आजारावर उपचार मिळणं हा २०१७ च्या कायद्याने तुमचा हक्क आहे, तिथे जाणं म्हणजे उपकार मागणं नव्हे.

मी पूर्ण बरा झालो का? गोळ्या आता नाहीत. पण जूनमध्ये वाऱ्याने पत्रा वाजला की छाती अजून धडधडते. तेव्हा मी बायकोला हाक मारून सांगतो, ‘आज धडधडतंय.’ ती चहा टाकते. एवढंच. आखणी सकाळी करतो, हात कापू लागला तर ब्रश खाली ठेवतो आणि ब्रशाला दोष देत नाही.

गणपतीच्या आधीचे दिवस असोत की एरवी, तुमच्या शेडमध्ये, दुकानात, घरात कुणाचा हात कापताना दिसला, तर काम उरकायची घाई करू नका. आधी त्याला विचारा, रात्री झोपलास का?