गावाला विचारले का?

डोंबिवली स्टेशनावर उतरावे. पूर्वेकडचा मानपाडा रस्ता धरावा. थोड्या वेळाने कल्याण-शीळ रस्ता लागतो. त्याच्या एका अंगाला गोळवली, पिसवली ही गावे आहेत. दुसऱ्या अंगाला काटई, निळजे ही गावे आहेत. पूर्वी येथे भाताची शेते होती. आता उंच इमारती दिसतात.

अशाच एका गावातील बाई आमच्या संध्याकाळच्या वर्गाला येत. अक्षरे जुळवून वाचू लागल्या, तेव्हा एक दिवस त्यांनी घरपट्टीचा कागद वर्गात आणला. त्यावरचे नाव त्यांनी स्वतः वाचले. मग त्या म्हणाल्या, "गुरुजी, आमचं गाव आधी म्युन्शिपालटीत होतं. मधे ग्रामपंचायत आली. आता परत महापालिका आली. घर तेच, विहीर तीच. मग गाव इकडून तिकडे कोण नेतं? आणि नेताना आम्हाला कुणी विचारतं का?"

आम्ही जन्मभर मुलांना प्रश्न विचारले. पण इतका नेमका प्रश्न आम्हाला क्वचितच कोणी विचारला असेल. वाचकहो, आजचा धडा त्या प्रश्नाचे उत्तर आहे.

सत्तावीस गावांची हकिकत

1983 साली कल्याण-डोंबिवली महानगरपालिका स्थापन झाली. आसपासची गावे तिच्यात घेतली गेली. गावकऱ्यांची तक्रार होती की, कर शहराचा द्यावा लागतो, पण पाणी, रस्ते आणि दिवे शहरासारखे मिळत नाहीत. त्यांनी चळवळ केली. 2002 साली सत्तावीस गावे महापालिकेतून बाहेर निघाली. तेथे पुन्हा ग्रामपंचायतींचा कारभार सुरू झाला.

2015 साली शासनाने हीच सत्तावीस गावे पुन्हा महापालिकेत घातली. ग्रामपंचायती गेल्या. गावकऱ्यांनी संघर्ष समिती केली आणि आमची वेगळी नगरपालिका करा, अशी मागणी धरली.

2020 साली शासनाने त्यांतील अठरा गावे वेगळी काढण्याची अधिसूचना काढली. त्या गावांची कल्याण उपनगर नगरपरिषद व्हायची होती. ज्यांना वेगळी नगरपालिका हवी होती, त्यांना आनंद झाला. पण हे प्रकरण मुंबईच्या उच्च न्यायालयात गेले आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये न्यायालयाने ती अधिसूचना रद्द केली.

असे का झाले? गावे वेगळी काढणे चूक की बरोबर, हा तेथे मुख्य मुद्दा नव्हता. कायद्यात सांगितल्याप्रमाणे महापालिकेशी विचारविनिमय झालेला नव्हता, हे मुख्य कारण होते. थोडक्यात म्हणजे, ज्याला विचारायला हवे होते, त्याला रीतीप्रमाणे विचारले नव्हते.

येथे आम्ही कोणाचीही बाजू घेत नाही. कोणाला महापालिका बरी वाटते, कोणाला नगरपालिका. पण एक गोष्ट सर्वांनी ध्यानात ठेवावी. विचारण्याची पायरी चुकली, तर हवे असलेले कामही मोडून पडते.

कायदा काय सांगतो?

महापालिकांचा कायदा 1949 सालचा आहे. त्याच्या तिसऱ्या कलमात हद्दीविषयी नियम आहे. महापालिकेची हद्द वाढवायची किंवा कमी करायची, तर शासनाने आधी महापालिकेचा विचार घ्यावा लागतो. महापालिका म्हणजे एकटे आयुक्त नव्हेत. आयुक्तांना शासन नेमते. नगरसेवकांना आपण मत देऊन निवडतो. त्यांच्या सभेत जे ठरते, तो लोकांचा शब्द.

शिवाय, हद्द बदलण्याआधी शासनाने तसा मसुदा जाहीर करावा लागतो. मसुदा म्हणजे कच्चा मजकूर. तो राजपत्रात छापतात. त्यावर लोकांना हरकती आणि सूचना देता येतात. त्यासाठी मुदत असते. ही मुदत महत्त्वाची. मुदत संपल्यावर गावभर आरडाओरडा करून उपयोग नाही. मुदतीत दिलेला एक कागद शंभर घोषणांपेक्षा भारी असतो.

आता कोणी म्हणेल, "गुरुजी, विचारलं म्हणजे ऐकलंच असं थोडंच आहे?" खरे आहे. विचार घ्यावा लागतो, पण शेवटचा निर्णय शासनाचा असतो. तरीसुद्धा विचारावे लागते, हीच आपली पकड आहे. न विचारता केलेले टिकत नाही, हे 2020 साली दिसले.

कायदाच बदलायचा असेल तर?

कायदा दगडावरची रेघ नव्हे. सरपंचाचेच उदाहरण घ्या. 2017 साली सरपंच थेट जनतेतून निवडण्याचा कायदा झाला. 2020 साली तो बदलला, आणि सदस्यांनी सरपंच निवडावा असे ठरले. 2022 साली पुन्हा थेट निवडणूक आली. पाच वर्षांत कायदा दोनदा फिरला. म्हणजे कायदा माणसे करतात आणि माणसेच बदलतात.

राज्याचे कायदे विधिमंडळात होतात. त्याची दोन सभागृहे आहेत. विधानसभेत 288 आमदार आपण थेट निवडतो. विधान परिषदेच्या 78 जागा आहेत. त्यांतील 22 जागा स्थानिक संस्थांसाठी आहेत. त्यांना मत आपण देत नाही. नगरसेवक, जिल्हा परिषदेचे सदस्य आणि पंचायत समित्यांचे सभापती मत देतात. ठाणे हा त्यांतला एक मतदारसंघ आहे. म्हणजे शहराचे आणि जिल्ह्याचे म्हणणे कायद्याच्या घरात जावे, म्हणून मुद्दाम हे दार ठेवलेले आहे. तुमचा जिल्हा परिषदेचा सदस्य त्या दारातून बोलतो की नाही, हे विचारण्याचा हक्क तुम्हाला आहे.

आपला शब्द पुढे कसा न्यावा?

तुमच्या गावात ग्रामपंचायत असेल, तर सुरुवात ग्रामसभेत करा. वर्षातून निदान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. त्याआधी बायकांची वेगळी महिला सभा होते. मायबहिणींनो, तेथे बोला. ग्रामसभेला एकूण मतदारांपैकी शंभरातले पंधरा, किंवा शंभर मतदार, यांत जो आकडा कमी असेल तितके लोक हजर लागतात. नाहीतर सभा तहकूब होते. तेव्हा घरी बसून "आम्हाला कोण विचारतो" म्हणू नका.

मग ठराव लिहा. ठराव थोडका असावा. असा:

"आज रोजी भरलेल्या ग्रामसभेत असे ठरले की, आमच्या गावाची हद्द बदलण्यापूर्वी पाणी, घरपट्टी आणि गावठाण यांविषयी शासनाने गावाला लेखी खुलासा द्यावा. ठराव एकमताने मंजूर."

ठराव प्रोसिडिंग बुकात उतरला की नाही, ते स्वतः वाचून पाहा. त्याची नक्कल घ्या. एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांकडे, एक आमदारांकडे द्या. प्रत्येक ठिकाणी पोच घ्या. पोच म्हणजे कागद मिळाल्याची सही. पोच नाही, तर पुरावा नाही.

शेवटी त्या बाईंना आम्ही एवढेच सांगितले, "ताई, गाव नेणारे सरकार असते. पण नेण्याआधी विचारा, असे कायदा सरकारला सांगतो. उत्तर तयार ठेवणे आपल्या हाती आहे." त्यांनी मान हलवली. म्हणाल्या, "मग गुरुजी, उद्या मला ठराव लिहायला शिकवा."

दुसऱ्या दिवशी आम्ही फळ्यावर पहिला शब्द लिहिला: ठराव.

शब्द आणि अर्थ

अधिसूचना: शासनाने राजपत्रात छापून जाहीर केलेला आदेश.
विचारविनिमय: दोघांनी आपापले म्हणणे मांडून विचार करणे.
तहकूब: पुढे ढकललेली.
नक्कल: मूळ कागदाची तशीच दुसरी प्रत.

प्रश्न

1. सत्तावीस गावे महापालिकेतून कोणत्या साली बाहेर निघाली? पुन्हा कोणत्या साली आत आली?
2. 2020 सालची अधिसूचना न्यायालयाने का रद्द केली?
3. आयुक्त आणि नगरसेवक यांत फरक काय?
4. आपल्या गावाच्या एका अडचणीवर चार ओळींचा ठराव लिहा आणि वर्गात वाचून दाखवा.