बाह्या कोपराच्या वर

कोल्हापूर

चि. निखिल,

तुझ्या आईने तुझा तो व्हिडिओ मोठ्या कौतुकाने पाठवला. दुर्बिणीच्या बैठकीचा आस झकास झालाय, पण शाबासकी नंतर. व्हिडिओत आस फिरतोय, उजेड फक्त लेथवरच्या दिव्याचा, आणि तुझे दोन्ही हात त्या फिरत्या आसावर एमरी कापड दाबून धरलेले. हातात सुती हातमोजे, अंगात टोपीचा स्वेटशर्ट, बाह्या मनगटापर्यंत, गळ्यात लोंबणारी दोरी. तुझ्या आईला मुलाचा छंद दिसला, मला ती बाही तेवढी दिसली. वर ती सांगते की तू रोज रात्री सगळे झोपल्यावर खाली गॅरेजमध्ये जातोस. अण्णांच्या डाव्या हाताबद्दल आपल्या घरात कुणी बोलत नाही आणि मीही इथे बोलणार नाही, पण तो हात तू लहानपणापासून पाहिला आहेस. पत्राचं कारण वेगळं सांगायला नको.

तू इंजिनिअर, तुला भीती घालून उपयोग नाही, म्हणून हिशेब मांडतो. तुझा आस २५ मिलिमीटरचा, म्हणजे परीघ साधारण ७८ मिलिमीटर. आवाजावरून लेथ मिनिटाला १२०० फेऱ्यांच्या आसपास असावा, म्हणजे सेकंदाला २०. काहीतरी चुकतंय हे डोक्यात शिरून हात मागे घ्यायला माणसाला, अगदी तरुण आणि सावध माणसालाही, सेकंदाचा पाचवा भाग तरी लागतो. तेवढ्यात आसाच्या चार फेऱ्या होतात आणि ३१ सेंटिमीटर कापड गुंडाळलं जातं. मनगटापासून कोपरापर्यंत पट्टी लावून बघ, एवढं अंतर भरत नाही. म्हणजे दचकण्याआधीच कोपरापर्यंतची बाही संपलेली असते. ‘सावध राहीन’ हे तुझं नेहमीचं उत्तर इथे निकामी ठरतं, कारण सावधपणालाही वेळ लागतो आणि इथे तो शिल्लक नाही.

यावर तू म्हणशील, काका, हे टेबलावरचं लहानसं यंत्र आहे, कारखान्यातलं धूड नव्हे. तोही हिशेब कर. अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटर म्हणजे ३७३ वॅट. आसाच्या पृष्ठभागाचा वेग सेकंदाला दीड मीटरच्या थोडा वर. एकाला दुसऱ्याने भागलं की ओढ येते सुमारे २४ किलो. पट्ट्यात आणि बेअरिंगमध्ये चार किलो गेली असं धर, तरी वीस उरते. तांदळाचं वीस किलोचं पोतं एका बोटाला टांगलंय, अशी कल्पना कर. शिवाय आसाला धरून फिरणारा चक स्वतःच एक जड चाक असतो, मोटर बंद झाली तरी तो काही क्षण फिरायचं सोडत नाही. आणि पट्टा बदलून वेग कमी केलास की ही ओढ वाढते, त्यामुळे ‘हळू फिरतोय, काय होतंय’ हे तर साफ उलटं आहे. यंत्र लहान आहे ते लोखंड कापायच्या मानाने. तुझ्या बोटाच्या मानाने ते लहान नाही.

आता माझा मुख्य मुद्दा. आजच्या लेथची जी घडण आहे ती हेन्री मॉडस्लेच्या काळात, म्हणजे १८०० च्या सुमारास पक्की झाली. तिचा गाभा एकच, हत्यार माणसाच्या हातातून काढून लोखंडी स्लाइडवर बसवायचं. मॉडस्लेचं नाव होतं ते अचूकतेसाठी, कारण स्लाइडवरचं हत्यार थरथरत नाही. पण त्याच घडणीने आणखी एक गोष्ट केली, जिची फारशी वाहवा होत नाही. फिरत्या जॉबपाशी हाताचं काम उरलं नाही. टूल कापतं, कॅरेज सरकते, माणूस दोन हात लांब उभा राहून हँडल फिरवतो. तेव्हा जॉब कापताना तू बऱ्यापैकी सुरक्षित असतोस. धोका असतो तो हात परत आत जातो तेव्हा. फिरत्या जॉबला एमरी मारताना, कापताना निघालेली चिवट बर बोटाने ओढताना, यंत्र न थांबवता व्हर्नियर लावताना, चिंधीने तेल पुसताना. किंवा चक की चकातच विसरून स्विच दाबताना. यातलं एकही खरं टर्निंग नाही, ही सगळी वरकड कामं, आणि वरकड म्हणूनच ती करताना डोकं दुसरीकडे असतं. मिलिंगवरही तेच. तिथे जॉब व्हाइसमध्ये गच्च असतो आणि कटर फिरतो, पण कटरजवळची बर ब्रशऐवजी फडक्याने झटकायला हात गेला की फडकं आधी जातं आणि मागोमाग बोटं. मिलिंगवर टेबलाच्या स्क्रूत ढिलाई असेल तर कटर जॉबला आपल्याकडे खेचतो हे तुला ठाऊक आहे, त्यासाठी फीडची दिशा तू जपतोस. तेवढीच काळजी फडक्याची का नाही?

हे फक्त अडाण्यांच्या बाबतीत घडतं, असं मनात आणू नकोस. एप्रिल २०११ मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठात शेवटच्या वर्षाची एक विद्यार्थिनी रात्री उशिरा प्रयोगशाळेच्या यंत्रशाळेत एकटी लेथवर काम करत होती. केस अडकले आणि ती गेली. २२ वर्षांची होती, शिकत होती भौतिकशास्त्र आणि खगोलशास्त्र, म्हणजे तुझ्यासारखीच आकाशाच्या नादाची. तिथल्या सरकारी तपासणीत यंत्राला पुरेशी संरक्षक व्यवस्था नव्हती असं नमूद झालं, विद्यापीठाने ते मान्य केलं नाही. त्या वादात मी पडत नाही. मला त्यातल्या दोनच गोष्टी टोचतात, रात्र आणि एकटेपण. नंतर विद्यापीठाने यंत्रशाळेच्या वेळांवर आणि एकट्याने काम करण्यावर बंधनं घातली. तुझ्या गॅरेजवर अशी बंधनं कोण घालणार?

कायदाही घालणार नाही. २०२५ पर्यंत आपला १९४८ चा कारखाने अधिनियम होता, तोही घरच्या छंदाला लागू नव्हता. पण त्याचं २२ वं कलम वाचून ठेव. चालू यंत्राच्या फिरत्या भागांची तपासणी किंवा तेलपाणी करायचंच झालं, तर ते खास शिकवलेल्या प्रौढ कामगाराने, अंगाला घट्ट बसणारे कपडे घालूनच करावं, आणि ते कपडे मालकाने पुरवावेत, असं ते सांगायचं. कायदे करणाऱ्यांना लेथ चालवता येत नसेल, पण बाहीचं महत्त्व त्यांना कळलं होतं.

हातमोज्यांबद्दल तुझा आक्षेप मला न विचारताही माहीत आहे. बर धारदार असते, तापलेली असते, हात कापतो. खरं आहे. पण उघड्या बोटाला बर लागली तर चीर पडते, तोच हातमोजा अडकला तर बोट जातं. हातमोजा धोका कमी करत नाही, त्याची अदलाबदल करतो, आणि तीही तोट्याची. डॉक्टर वापरतात तसला पातळ रबरी मोजा फाटून सुटण्याची शक्यता बरी, हे कबूल. तरी जीव त्या फाटण्यावर टांगावा असं मला वाटत नाही. बर काढायला आकडी वापर, ब्रश वापर, आणि त्याआधी यंत्र थांबव. जुन्या सुती सदऱ्याचं कापड निदान फाटायचं, तुझ्या स्वेटशर्टातला पॉलिस्टरचा धागा तेवढं औदार्यही दाखवत नाही. एमरी मारायचीच असेल तर ती मुठीत गुंडाळून धरू नकोस, लाकडी पट्टीच्या पाठीवर घे. कानस चालवायची तर मूठ डाव्या हातात धर, म्हणजे डावा हात चकावरून जाणार नाही. आठ दिवस अवघडल्यासारखं होईल, मग होणार नाही.

दुसरा आक्षेप: इथल्या उद्यमनगरातले जुने मिस्त्री आयुष्यभर उघड्या लेथवर लांब बाह्यांनी काम करत आले, त्यांना काय झालं? निखिल, ज्यांना झालं ते आज लेथवर उभे नाहीत, म्हणून तुला दिसत नाहीत. यूट्यूबवर हातमोजे घालून टर्निंग करणाऱ्यांचंही तेच. ज्याची बोटं गेली तो पुढचा भाग टाकत नाही.

तिसरा, यंत्र थांबवायच्या लाल बटणाचा. बटण लावलंस ते उत्तम. पण ते दाबायला एक हात मोकळा लागतो, आणि तुझ्या लेथवर ते चकाच्या पलीकडे बसवलंय. ते टेलस्टॉकच्या बाजूला आण. साधा स्विच काढून डीओएल स्टार्टर बसव, शेतातल्या पंपाला असतो तसला. वीज गेली की तो पडतो आणि वीज आली तरी आपण होऊन उठत नाही. तुमच्याकडे वीज कशी जाते-येते ते मला माहीत आहे. साध्या स्विचवर, वीज परत येईल त्या क्षणी तुझा हात चकाचे जबडे साफ करत असू शकतो. (पंपवाले पुढे त्याला ऑटो-स्विच जोडतात. तू जोडू नकोस.)

खूप बोललो. पण माझा राग निम्मा माझ्यावरच आहे. तुझ्या वयात बाह्या दुमडणं मलाही भित्रेपणा वाटायचा, आणि त्या समजुतीची मला आज लाज वाटते. तुला व्हर्नियर वाचायला मी शिकवलं, थ्रेडचा पिच ओळखायला शिकवलं, टूलला धार लावायला शिकवलं. बाहीबद्दल शिकवलं नाही, कारण ते बोलायचं तर अण्णांच्या हाताबद्दल बोलावं लागलं असतं.

छंद सोड असं मी म्हणत नाही, तसं गैरसमजाने आईला सांगू नकोस. आसाची झळाळी खरोखर चांगली आहे, शेवटच्या बारीक कटला तू घाई केली नाहीस हे दिसतं. तुझी दुर्बीण झाली की तिच्यातून शनी पहिल्यांदा मला दाखवायचा, तेवढं कबूल कर. तोवर रात्री नऊनंतर यंत्र चालवायचं असेल तर कुणाला तरी गॅरेजमध्ये बसव, गप्पा न मारणारं कुणीही चालेल. कुणी नसेल तर मला फोन लावून बाजूला ठेव, मला तशीही झोप लागत नाही.

थंडी वाजते म्हणून स्वेटशर्ट, हे मला कळतं. तुझ्या गॅरेजला कुणी मालक नाही, तेव्हा कायद्यातले ते कपडे तुझी काकू शिवते आहे. आतून अस्तर, अंगाला बसतं, दोरी नाही, बाह्या कोपराच्या वर. छातीचं माप लगेच कळव. तिच्याकडे तुझं आठवीतलं माप आहे आणि ती त्यावरच कापड बेतायला निघाली आहे.

तुझा,
काका