दोन दिवे, पण काड्यापेटी एकच!

एका मुलाची गोष्ट ऐका. परीक्षेच्या आदल्या रात्री वीज गेली तर अडचण नको, म्हणून त्याने घरात कंदील तयार ठेवला आणि शिवाय एक मेणबत्तीही आणून ठेवली. एक पेटला नाही तर दुसरी आहेच! रात्री खरोखरच वीज गेली. पण घरातली एकुलती एक काड्यापेटी पावसाळी हवेने सादळली होती. आता सांगा पाहू, या मुलाजवळ दिवे किती होते? दोन, की एकही नाही?

हाच प्रश्न आज मोठमोठ्या कंपन्यांपुढे उभा आहे. बँका, विमान कंपन्या, रुग्णालये, दुकाने यांची कामे आता संगणकांवर चालतात. हे संगणक सांभाळण्याचे, त्यांवर पहारा ठेवण्याचे काम पुष्कळ ठिकाणी बाहेरच्या मोजक्या कंपन्यांवर सोपवलेले असते. त्यात सोय आहे, काटकसर आहे. पण त्यामुळे हजारो दिव्यांना एकच काड्यापेटी उरते. ती सादळली की काय होते, ते एका खऱ्या घटनेवरून पाहू.

७८ मिनिटांची गोष्ट

दिनांक १९ जुलै २०२४, शुक्रवार. भारतात सकाळचे ९ वाजून ३९ मिनिटे झाली होती. क्राउडस्ट्राइक या अमेरिकन कंपनीने आपल्या ग्राहकांच्या संगणकांकडे इंटरनेटवरून एक छोटी फाइल पाठवली. ही कंपनी ‘फाल्कन’ नावाची आज्ञावली पुरवते. घातक आज्ञावल्या संगणकात शिरू नयेत म्हणून फाल्कन पहारा देते. चोर नवनव्या युक्त्या काढतात, म्हणून पहारेकऱ्यालाही चोर ओळखण्याच्या नव्या खुणा वरचेवर कळवाव्या लागतात. त्या दिवशीची फाइल अशाच खुणांची होती.

ती पोचली आणि विंडोज कार्यप्रणालीवर चालणारे संगणक धडाधड बंद पडू लागले. पडदा निळा होई, संगणक पुन्हा सुरू होई आणि पुन्हा बंद पडे! १० वाजून ५७ मिनिटांनी, म्हणजे ७८ मिनिटांनी कंपनीने चूक सुधारली. पण तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख संगणकांना फटका बसला होता. जगातील एकूण विंडोज संगणकांच्या मानाने हे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी! परंतु हे संगणक विमानतळ, बँका, रुग्णालये अशा मोक्याच्या जागी होते. अमेरिकेतील डेल्टा या विमान कंपनीची पुढील काही दिवसांत सुमारे ७,००० उड्डाणे रद्द झाली. भारतातही काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले.

एकविसावे बाक

एवढा गोंधळ कशाने झाला? समजा, तुमच्या वर्गात २० बाके आहेत. कार्यालयातून सूचना आली, “एकविसाव्या बाकावरची वही तपासून आणा.” तुम्ही म्हणाल, “असे बाकच नाही!” आणि परत याल. पण संगणकाला हे शहाणपण आपोआप येत नाही. ‘बाक आहे का, ते आधी पाहा’ अशी आज्ञा लिहिलेली नसेल, तर तो सरळ विसाव्या बाकापलीकडे, म्हणजे भिंतीपार हात घालतो!

इथे नेमके तेच झाले. त्या नियमांत माहितीचे २१ रकाने धरले होते. प्रत्यक्षात आज्ञावली २० रकान्यांचीच माहिती पुरवत होती. मग ही चूक चाचणीत कशी सापडली नाही? कारण आधीच्या सर्व नियमांत एकविसाव्या रकान्यापुढे ‘काहीही चालेल’ असे लिहिलेले होते. त्यामुळे तिथे डोकावण्याची वेळच आली नव्हती. ती पहिल्यांदा आली १९ जुलैला.

साधी आज्ञावली चुकली तर कार्यप्रणाली तेवढीच बंद करते. पण पहारेकऱ्याला सगळीकडे नजर ठेवायची असते, म्हणून त्याला कार्यप्रणालीच्या गाभ्यात बसवलेले असते. गाभ्यातच चूक झाली की पुढचा घोटाळा टाळण्यासाठी सारा संगणक थांबवला जातो. बंद पडलेल्या संगणकाला दुरुस्तीची फाइल इंटरनेटवरून कशी मिळणार? म्हणून पुष्कळ ठिकाणी माणसांना एकेका संगणकापाशी बसून ती चुकीची फाइल हाताने पुसावी लागली. चूक पोचायला काही मिनिटे लागली, ती निस्तरायला मात्र कित्येक दिवस!

थोडे गणित

एक संगणक एखाद्या दिवशी बंद पडण्याची शक्यता १/१०० आहे असे धरा. जोडीला दुसरा ठेवला, तर दोन्ही एकाच दिवशी बंद पडण्याची शक्यता १/१०० × १/१००, म्हणजे १/१०,००० होते. केवढी सुरक्षितता वाढली! पण हा गुणाकार केव्हा करता येतो? दोघांची बंद पडण्याची कारणे एकमेकांपासून स्वतंत्र असतील तेव्हाच. दोघांवरही तोच पहारेकरी असेल आणि त्याच्याच चुकीने ते बंद पडत असतील, तर शक्यता १/१०० च राहते. मग दोन ठेवा की दोन हजार! त्या दिवशी मॅक आणि लिनक्स या कार्यप्रणालींवरचे संगणक या चुकीतून वाचले, कारण ती फाइल त्यांच्यासाठी नव्हतीच.

मग उपाय काय? नव्या खुणा पाठवायला उशीर केला, तर चोर आत शिरतो. घाई केली, तर चूक सर्वांपर्यंत पोचते. हाच खरा पेच आहे. घटनेनंतर क्राउडस्ट्राइकने रकान्यांची संख्या तपासण्याची आज्ञा घातली. अशा फाइली आधी थोड्या संगणकांवर पाठवून, त्या नीट चालल्या तरच पुढे पाठवायच्या, असेही ठरवले. भाताचे एक शीत चेपून पाहावे, तसेच हे! शिवाय प्रत्येक कंपनीने संगणकाविना काम चालवण्याची सवय ठेवायला हवी. त्या दिवशी विमानतळावर कामी आले ते कागद आणि पेनच.

आता तुम्ही एक करा. जवळच्या दुकानदाराला विचारा, “मोबाइलवरून पैसे घेणे बंद पडले, तर काय कराल?” तो कदाचित म्हणेल, “दुसरा मोबाइल आहे की!” मग हळूच विचारा, दोन्ही मोबाइलना सिमकार्ड एकाच कंपनीचे आहे का? खाते एकाच बँकेत आहे का? उत्तर ‘हो’ आले, तर समजा, दिवे दोन आहेत, पण काड्यापेटी एकच!